पाणी स्वच्छ येईस्तोवर

आत्या, तुझ्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला अप्पांनी न्यूमोनिया सांगितलं. दारात उभं राहून, एकेकाला, एकाच आवाजात. शेवटी शेवटी त्यांना स्वतःलाही ते पटायला लागलं असावं. मी पाण्याचे तांबे भरत होते. तो शब्द कानावर आला की मी पुढचा तांब्या भरायला घ्यायचे.

कॉलेजात मी कन्नड आणि इंग्रजीत लिहिते. मराठी अक्षरं आईनं शिकवली, ती निपाणीची म्हणून. नाहीतर मैसूरच्या आपल्या घरात मराठी नुसती बोलायची भाषा. पण तुझ्याशी मी दुसऱ्या कुठल्या भाषेत कधी बोललेच नाही, म्हणून हे असं लिहिते आहे. चुका असतील. तू स्वतः वाचलं नसतंसच, माझ्याकडून वाचून घेतलं असतंस आणि मध्येच म्हणाली असतीस, "साकु गं पुट्टी, पुरे झालं, मुद्द्यावर ये."

मुद्दा असा की दवाखान्यात तू माझ्याकडे एक शब्द मागितलास आणि मी गप्प राहिले. तू त्याला होकार समजलीस. तो होकार नव्हता. नकार द्यायचं धाडस मला झालं नाही, इतकंच. तेव्हापासून हे बोलणं आपल्या दोघींमध्ये अर्धंच राहिलं आहे.

*

तुला टीबी निघाला त्या आठवड्यात आमच्या वर्गात तोच धडा चालू होता. असं पुस्तकातलं घरात येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या घरात पुस्तकं असलेली मी पहिलीच. मला वाटायचं, जे शिकतो ते परीक्षेत लिहायचं आणि मग विसरायचं.

त्या दिवशी मी प्रयोगशाळेतून थेट तुझ्या दुकानात आले होते. दुकान म्हणजे आपल्या घराची पुढची खोली. आतोबा गेल्यावर तू तुझ्या मुलीला, सुधाक्काला, घेऊन आमच्याकडे आलीस आणि त्या खोलीत जुन्या रेशमी साड्यांना रंग द्यायला, पॉलिश करायला बसलीस. अप्पांनी पिढीजात काम सोडून भिंतींच्या रंगाच्या दुकानात नोकरी धरली होती. "दादा आता डब्यातला रंग डब्यात ढवळतो," असं तू त्यांना चिडवायचीस. तुझी नखं मात्र कायम निळी नाहीतर तांबडी. मला कॉलेजात घालायला तू आलीस तेव्हा टेबलामागच्या माणसानं तुझ्या बोटांकडे पाहून विचारलं होतं, काय लागलं हाताला? तू म्हणालीस, "रंग आहे सार, मुलीला लागणार नाही. तिला सायन्स द्या." अप्पा बी.कॉम. म्हणत होते. त्यांनी तुझ्याशी किती दिवस अबोला धरला होता, आठवतं?

तर त्या दिवशी मी तुला म्हटलं, आत्या, तुझ्या जंतूला रंग कसा देतात ते आज पाहिलं. लाल रंग गरम करून चढवतात आणि मग आम्लानं धुतात. बाकीचे जंतू रंग सोडून देतात. हा सोडत नाही. त्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो.

तू भट्टीवरच्या हंड्यात साडी खालीवर करत होतीस. तुझा हात थांबला.

"आम्लानं धुतला तरी उतरत नाही?"

"नाही."

"मग रंग पक्का आहे म्हण की. असं कापड आणून दे बघू मला."

मी हसले, आणि मग तुला सगळं सांगायला बसले. कुणाला तरी शिकवण्याची ती माझी पहिलीच वेळ. फुप्फुसात पहारेकरी पेशी असतात, मॅक्रोफेज म्हणतात. बाहेरचं काही आत आलं की त्या ते गिळतात. गिळलेलं एका पिशवीत जातं. मग आम्लानं भरलेल्या दुसऱ्या पिशव्या येतात, तिला मिळतात, आणि आतला जंतू विरघळून जातो. टीबीचा जंतू गिळला जातो खरा, पण तो त्या पिशव्या एकमेकींना मिळूच देत नाही. आपल्या पिशवीची खूण तो बदलून टाकतो, त्यामुळे आम्लाच्या पिशव्यांना ती ओळखू येत नाही. ज्यानं त्याला मारायचं, त्याच्याच पोटात तो राहतो.

"म्हणजे चोर पोलीस ठाण्यात राहतो."

"हौदु, हो आत्या, तसंच."

"आणि जेवतो कुठं?"

"तिथंच. त्या पेशीतली चरबी खातो."

"आगाई. घरजावई की गं हा."

तुला इतकं हसू आलं की खोकल्याची उबळ थांबेना, आणि मी पाणी घेऊन उभी. उबळ गेल्यावर तू डोळे पुसलेस, साडी हंड्यातून काढलीस, आणि तिच्या कोपऱ्यात दोऱ्यानं बांधलेली एक गाठ मला दाखवलीस. गाठ सोडलीस. आत पांढरा ठिपका होता.

"सगळी साडी रंगात बुडली. गाठीत रंग गेला नाही. तुझा जंतू गाठ मारून बसतो, अल्वा? हो ना?"

माझ्या सरांनी फळ्यावर अर्धा तास काढलेली आकृती तू दोऱ्याएवढी केलीस. मी वहीत आकृतीच्या बाजूला तो ठिपका काढला.

"मग ही गाठ सोडतं कोण?" तू विचारलंस.

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, शरीर थोडी सोडतं, गोळ्या थोडी सोडतात, वेळ लागतो. जे जंतू भराभर वाढतात ते गोळ्यांनी लवकर मरतात, म्हणून खोकला लवकर थांबतो. पण आत निजून राहिलेले तसेच असतात. त्यांच्यासाठी सहा महिने गोळ्या.

तू मान हलवलीस. मला वाटलं, समजलं.

*

गोळ्या चालू झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी तू मला मोरीपाशी हाक मारलीस. लघवी केशरी झाली होती. मी म्हटलं, घाबरू नकोस, गोळीचाच रंग आहे, घामालाही येईल, डोळ्यातल्या पाण्यालाही येईल. तू घाबरली नव्हतीसच. तू खूश होतीस.

"गोळीचा नाही गं, माझा रंग आहे. एवढी वर्षं हात बुडवले, वाफ नाकात घेतली. आता गोळी सगळं धुऊन काढतेय."

"तसं नसतं आत्या."

"तुझ्या पुस्तकात रंगाऱ्याचं पोट नसेल."

मीही हसून सोडून दिलं. तू बरी होत होतीस. जेवण वाढलं होतं, तुझा आवाज परत आला होता, गल्लीतल्या पोरांना तू पुन्हा रागावत होतीस. आरोग्य केंद्रातल्या लता मॅडम गोळ्या देऊन विचारायच्या, घेताय ना? तू म्हणायचीस, घेते की. मीही मानलं.

आणि मग थंडीत पुन्हा खोकला आला. या वेळी तुझी मधुमेहाची साखरही फार वाढली होती, आणि तू हा खोकला इतके दिवस पदरात दाबलास की दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर आम्हालाच रागावले.

त्या दुपारी वॉर्डात तुझ्याजवळ मी एकटी होते. तू ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर ओढलास. मी वर केला. तू पुन्हा ओढलास.

"पुट्टी, पाणी स्वच्छ झालं होतं."

"कुठलं पाणी?"

"लघवीचं. नंजनगूडला लग्नाला गेले होते ना, गोळ्या नेल्या नव्हत्या. घाम केशरी येतो, ब्लाउजला डाग पडतो, चार बायका विचारतात. परत आले आणि बघितलं तर स्वच्छ. नळाच्या पाण्यासारखं. मी म्हटलं, धुणं झालं."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"रंग दिल्यावर कापड कुठवर खळबळायचं? पाणी स्वच्छ येईस्तोवर. त्याच्यापुढं धुतलं तर कापडच विटतं. मी तुला लहानपणी हेच शिकवलं, अल्वा?"

हो, हेच शिकवलं होतंस. मोरीवर माझे हात धरून, निळं पाणी, मग फिकट निळं, मग नुसतं पाणी. तू खोटं बोलली नव्हतीस. आळसही केला नव्हतास. जन्मभर ज्या खुणेनं तुझं काम कधी चुकलं नाही, तिच्यावर तू विश्वास ठेवलास. पण ते केशरी पाणी म्हणजे फक्त गोळी पोटात आहे एवढंच होतं. स्वच्छ पाणी म्हणजे गोळी नाही. गाठी आत तशाच होत्या, आत्या. त्यांच्यातलं काही पाण्यात येतच नाही.

हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. तुझा श्वास पाहून सांगवेना. आणि मी गप्प आहे हे पाहून तू माझं मनगट धरलंस.

"सुधाचं लग्न होईस्तोवर ह्याचं नाव काढायचं नाही. कुणाजवळ नाही. बेळगोळचं स्थळ आलंय, माणसं चांगली आहेत. आपल्या गल्लीत त्या एका घराला अजून काय म्हणतात, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. खोकल्याचं घर. ज्यांना खोकला होता ती माणसं केव्हाच गेली, त्यांच्या नातवंडांनी वर मजला चढवला, तरी नाव तेच.

"शब्द दे."

मी तुझा मास्क वर केला. तू डोळे मिटलेस, समाधानानं. मला ते समाधान अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

*

आता तेराव्याचं सांगते, कारण तिथं तू नव्हतीस आणि सगळं तुझंच होतं.

बेळगोळहून सुधाक्काची होणारी सासू आली होती. नवरामुलगा मंजुनाथ कारखान्यात पाळीवर होता म्हणून आला नाही. बायकांची पंगत बसली होती. तेवढ्यात दारात लता मॅडम दिसल्या. त्यांना बिचाऱ्यांना दिवस माहीत नव्हता. चपला पाहून त्या परतायलाच लागल्या होत्या, पण अप्पा पुढं झाले आणि मोठ्यानं म्हणाले, "कॉर्पोरेशनच्या मॅडम. दाखल्याचं काम आहे."

त्यांना ते एका बाजूला घेऊन गेले. मी ताक वाढत होते, पण माझे कान तिकडेच होते. मॅडम हळू आवाजात कन्नडात विचारत होत्या, त्यांच्या खोलीत कोण झोपायचं? घरात कुणाला खोकला आहे का? सगळ्यांची एकदा तपासणी करायला हवी.

"कुणी नाही," अप्पा म्हणाले. "ती एकटीच झोपायची. आम्ही सगळे ठणठणीत आहोत."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या निघाल्या नाहीत. आणि आत स्वयंपाकघरात कुणीतरी खोकलं.

होणाऱ्या सासूबाईंचा हात पानावर थांबला. मग पुन्हा चालू झाला.

मी ताकाचं भांडं ठेवून आत गेले. सुधाक्का तोंडावर पदर धरून ओट्याला टेकली होती. तुझ्यासारखीच.

"कधीपासून आहे?"

"सुम्ने गं. काही नाही. धूर लागला."

"गॅसवर कसला धूर?"

ती हसली नाही. मी तिच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "सुधाक्का, आत्याला न्यूमोनिया नव्हता."

"माहीत आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"उशीच्या अभ्र्यानं. आई म्हणायची साखरेच्या गोळ्या आहेत. साखरेच्या गोळीनं घाम केशरी होतो? आपल्या घरातली एकेक पुडी मला ठाऊक आहे. तो कुठल्या पुडीचा रंग नव्हता. मग मोबाइलवर शोधलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

बाहेर कुणीतरी भात मागत होतं. सुधाक्कानं पातेलं उचललं, पुन्हा ठेवलं.

"मी आईला सांगितलं होतं, मलाही खोकला येतोय म्हणून. ती म्हणाली, लग्न होऊ दे, तोवर औषधाच्या दुकानातून बाटली आण. आणि पुट्टीला मुळीच कळू देऊ नकोस, ती लगेच दवाखान्यात ओढत नेईल. शब्द घेतला माझ्याकडून."

आत्या, तुझा फोटो बाहेर पाटावर होता, हार घातलेला, आणि त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की तो पालथा घालावासा वाटला. तुला माहीत होतं. तुझ्या मुलीला खोकला येतो हे तुला माहीत होतं, आणि माझं मनगट धरताना तू ते मला सांगितलं नाहीस. तू आम्हा दोघींना वेगवेगळं बांधलंस. एका घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, मी तुझ्या आजाराचं नाव लपवत होते आणि ती तिचा खोकला. आणि ज्याला बाहेर काढायचं तो मधे आरामात बसलेला.

राग लगेच गेला असं खोटं लिहीत नाही. अजून थोडा आहे. पण तू ते का केलंस हेही मला कळतं. तुला दोन भीती होत्या, आजाराची आणि लोकांची, आणि त्यातली लोकांची भीती तुला जास्त ओळखीची होती.

मी म्हटलं, "मॅडम अजून दारात आहेत. मी बोलणार नाही. आत्यानं शब्द मागितला म्हणून नव्हे. सांगायचं ते तुझं आहे म्हणून. पण मॅडम गेल्या तर मी आज संध्याकाळी पुन्हा विचारणार, आणि उद्या सकाळी पुन्हा."

"आणि लग्न?"

"मला माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. सगळं ठीक होईल असं म्हणायला जीभ वळली नाही. सुधाक्कानं गॅस बंद केला. मग तिनं भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं, पदर खोचला, आणि पंगतीच्या मधून चालत दारापर्यंत गेली.

"मॅडम, आईच्या खोलीत मी झोपत होते," ती म्हणाली. "मला खोकला आहे. कधी येऊ?"

कन्नडात म्हणाली, सगळ्यांना कळेल असं. अप्पा "सुधा" म्हणाले. कुणी ओरडलं नाही, कुणी उठलं नाही. लता मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी. उपाशी यायची गरज नाही." इतक्या साध्या आवाजात, जणू साडी पॉलिशला कधी देऊ असं कुणी विचारलं होतं. सासूबाईंनी जेवण संपवलं, हात धुतले, तुझ्या फोटोला नमस्कार केला आणि बसची वेळ झाली म्हणून गेल्या. सुधाक्काकडे त्यांनी पाहिलं, पण त्या पाहण्याचा अर्थ मला लावता आला नाही.

*

तपासणीला अप्पाच सुधाक्काला स्कूटरवरून घेऊन गेले. मला वाटलं होतं ते बोलणार नाहीत, तुझ्याशी धरला होता तसा अबोला धरतील. ते रांगेत तिच्या शेजारी बसले, आणि बेडका घ्यायची डबी आली तेव्हा उठून तिला पाणी आणून दिलं. मग त्यांची, आईची, माझीही तपासणी झाली. आमचे छातीचे फोटो स्वच्छ आले. सुधाक्काचा अहवाल आला, त्यात जंतू होता. नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा आहे, असं डॉक्टर म्हणाले. इतक्या दिवसांत ऐकलेलं ते पहिलं चांगलं वाक्य.

मंजुनाथचा फोन आला होता. सुधाक्का गच्चीवर जाऊन बोलली. ती खाली आली तेव्हा मी जिन्यातच उभी होते. ती म्हणाली, "गोळ्या किती दिवस असतात म्हणून विचारत होता." त्याच्या आईचा फोन अजून आलेला नाही. पुढं काय होईल ते मी तुला सांगू शकत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ, मी सांगत नव्हते? आणि मी म्हटलं असतं, आत्या, ती जिवंत आहे. आपलं भांडण तिथंच अडलं असतं, आणि मग तू चहा टाकला असतास.

एक राहून गेलं होतं. गाठ कोण सोडतं, हे तू विचारलं होतंस. मी पुन्हा वाचलं. पहारेकरी पेशी एकटी सोडू शकत नाही. दुसऱ्या पेशी जवळ येतात, त्यांना ओळख पटली की त्या पहारेकऱ्याला खूण करतात, आणि मग तो जागा होऊन आपल्याच पोटातल्याशी झुंजू लागतो. त्याला बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. हे उत्तर मला त्या दिवशी दुकानात, तू हंड्यापाशी उभी असताना, द्यायला हवं होतं.

तुझी भट्टी मी पेटवलेली नाही. पण मोरी घासली आहे. काल सकाळी मोरीच्या दाराआडून सुधाक्कानं हाक मारली.

"पुट्टी, आलं गं."

"कुठला रंग?"

"केशरी. आईच्यासारखा."

मी धुण्याच्या दगडावर बसले. तुझ्या रंगांचे थर त्या दगडावरून अजून गेलेले नाहीत.

"स्वच्छ आलं तर काय समजायचं?" तिनं आतून विचारलं.

"गोळी चुकली समजायचं. मला हाक मारायची."

"आणि पुरे झालं हे कसं कळणार?"

"डॉक्टर सांगतील. पाणी नाही सांगणार."

आत तांब्या वाजला. आत्या, आपल्या घरात आता पाणी स्वच्छ यायची कुणी वाट बघत नाही.